तीन बाजूंची चौकट

फोटो टेबलावर ठेवला की माणिकअण्णा वर न बघता विचारत, "हायत का गेले?"

बिदरजवळच्या भालकीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. नवं गिऱ्हाईक या प्रश्नाने गडबडून जाई. कुणी आधार कार्डाच्या कामाला आलेलं असे, कुणी मुलीच्या लग्नाचा बायोडाटा करायला. जुन्यांना सवय होती. पिशवीतून फोटो काढता काढताच ते सांगून टाकत, "गेले अण्णा, परवा," किंवा "हायत, हायत, बाहेर गाडीवर बसलेत." उत्तर मिळाल्याशिवाय अण्णा फोटोला हात लावत नसत. पुढचं सगळं काम त्या उत्तरावर ठरायचं.

गेलेल्यांचे फोटो ही त्यांची खासियत होती. खेड्यात पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा एकट्याचा असा फोटोच नसतो. माणूस गेला की घरचे शोधाशोध करतात. लग्नातल्या घोळक्यात मागे उभा असलेला एखादा चेहरा सापडतो, किंवा शेवटच्या दुपारी कुणीतरी मोबाइलवर काढलेला, अंथरुणावरचा, डोळे मिटलेला. तेवढ्यावरून तेराव्याला हार घालायचा फोटो तयार व्हायला हवा असतो. अण्णा त्या चेहऱ्याला मान द्यायचे, कोट चढवायचे, फेटा सरळ करायचे आणि शेवटी डोळे उघडायचे. औरादपासून हुलसूरपर्यंत त्यांची ओळख हीच होती. "भालकीला न्या, तिथं उघडून मिळतात," असं लोक एकमेकांना सांगत.

डोळे कुठून आणायचे याची त्यांची पद्धत ठरलेली होती. ते विचारत, "पाठचा भाऊ हाय का? भैन?" भाऊ आला की त्याला स्टुलावर बसवून फक्त डोळ्यांचा फोटो घेत. पोराचे डोळे बापाला बसत नाहीत, भावाचे बसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळी तोच भाऊ फ्रेम न्यायला येई आणि काचेमागून बघणाऱ्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर उभा राही. ठाणाकुशनूरचे एक गृहस्थ असे उभे राहिले, एकदा डावीकडे सरकले, एकदा उजवीकडे. मग म्हणाले, "अण्णा, हे तर मलाच बघायलेत."

अण्णा फ्रेमला मागून खिळे ठोकत होते. "मंग दुसऱ्या कुणाला बघतील? तुमचेच हायत."

एक गोष्ट मात्र ते पाळत. जिवंत माणसाच्या डोळ्यात उजेडाचा एक पांढरा ठिपका असतो. खिडकीचा असेल, दिव्याचा असेल, पण असतो. गेलेल्या माणसाच्या डोळ्यातून अण्णा तो ठिपका काढून टाकत. सांगितल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नसे. चेहरा ओळखू येई, डोळे उघडे असत, आणि तरी त्या फोटोसमोर फार वेळ थांबवत नसे. घरचे कधी कधी म्हणत, जरा चमक आणा की. अण्णा मान हलवत. "चमक जे हायत त्यांना. गेलेल्याला चमक दिल्यावर घरच्यांनी काय वाट बघत बसायचं का?"

स्टुडिओच्या लांब भिंतीवर ऑर्डर देऊन कुणी न नेलेले फोटो टांगलेले होते. घर गाव सोडून गेलेलं, भावाभावांत भांडण झालेलं, किंवा नुसतंच राहून गेलेलं. अण्णा त्यांना 'थांबलेले' म्हणत. ओल्या फडक्याने रोज त्यांच्या काचा पुसत आणि पुसून झाल्यावर फडकं धुऊन वाळत घालत. लहान मूल फोटोला बसवलं की ते कॅमेऱ्याकडे न बघता त्या भिंतीकडे बघे. कधी कधी हसे. तेव्हा अण्णा मुलाच्या आईला सांगत, "हसू द्या, हसू द्या. त्येंच्याकडं बघून कोण हसायलंय एरवी?"

ते स्वतः बुटके होते, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत, आणि माऊसला हात लावण्याआधी दोन्ही हात टॉवेलला पुसत. फोनवर कन्नड, शेजारच्या सलूनवाल्याशी दखनी, घरात मराठी. त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओत कुठेही नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणत, "काढून काय करू? मला उघडणार कोण?"

अशा माणसाकडे एका रॉक संगीताच्या मासिकाचं काम आलं. मासिकाचं नाव 'कर्कश'. ते काढणारी अश्विनी भालकीचीच, बिदरच्या एका कॉलेजात शिकवणारी आणि एका बँडमध्ये ड्रम वाजवणारी. बँड मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत गाणी करायचा. गॅदरिंग, जत्रेचं मैदान, मंगल कार्यालय, बोलावतील तिथे वाजवायचा. त्यांचा सराव ऐकून गल्लीतल्या एका काकांनी "काय हे कर्कश" म्हटलं, तेच नाव मुलांनी उचललं. कॉलेजातल्या आणि कॉलेज सुटलेल्या मुलामुलींनी वाचावं, पानं कापून भिंतीला चिकटवावीत, एवढाच हेतू. "मोबाइलवर बोट फिरवलं की गेलं," अश्विनी म्हणायची. "हातात राहिलं पायजे काहीतरी." मी लातूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी सोडून गावी परतलो होतो, मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं एका पानावर बसवून उदगीरच्या प्रेसला तयार पानं देणारा माणूस गावात एकच होता. लग्नपत्रिका, जत्रेची माहितीपत्रकं, सगळं अण्णाच करत.

अश्विनीने पेन ड्राइव्ह दिला. अण्णांनी पहिला फोटो उघडला आणि विचारलं, "हायत का गेले?"

"कोण?"

"हे सगळे."

"अण्णा, आमचा बँड हाय तो! मी हाय की त्यात. मागं बघा, ड्रमवर."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "डोळे मिटलेत तुजे."

"वाजवताना मिटतात."

"हं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हात पुसले.

पहिल्या अंकाची कच्ची पानं आठवड्याने मिळाली. मजकूर जागेवर होता, मथळे ठसठशीत होते, रकाने सारखे होते. चूक फोटोंत होती. गायकाचं तोंड ओरडताना पूर्ण उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि वर दोन शांत डोळे समोर रोखलेले, पासपोर्टच्या फोटोत असतात तसे. गिटारवाला इम्रान कमरेतून वाकलेला, केस तोंडावर आलेले, आणि केसांच्या मधून तो थेट वाचणाऱ्याकडे बघत होता. वाजवताना मिटलेले सगळे डोळे अण्णांनी उघडले होते. एकाही डोळ्यात ठिपका नव्हता. सबंध पानभर तरुण मुलं अशी बघत होती की पान उलटं करून ठेवावंसं वाटावं.

इम्रान म्हणाला, "हौ अण्णा, मेरेकू मार डाले तुम तो."

अश्विनी हसली नाही. ती स्वतःचा फोटो जवळ घेऊन बघत होती. "हे डोळे कुणाचे हायत?"

"तुज्या आत्याचे. तिचा फोटो मीच केलता. बसले बघ, जरासुदिक वडावं लागलं न्हाई."

आत्याला जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. अश्विनीने पान टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी पुढे सरकवलं. "अण्णा, आमी जिते हाव."

"मिटलेले होते," अण्णा म्हणाले. ते खजील झाले नव्हते, गोंधळले होते. "मिटलेले दिसले की हात थांबत न्हाई माजा. पण मिटायचे कामून? एवढी माणसं समोर, आन् डोळे मिटून?"

"ऐकायला. उघडे असले की नीट ऐकू येत न्हाई."

अण्णांनी यावर बराच विचार केलेला दिसला. सगळे डोळे त्यांनी पुन्हा मिटवून दिले. त्यानंतर मासिकाचा कुठलाही फोटो आला की त्यांचा प्रश्न लांबला. "हायत, गेले, का ऐकायलेत?" मुलांना तो इतका आवडला की ती एकमेकांना फोनवर हॅलोऐवजी तेच म्हणू लागली.

दुसरा वाद काळ्या रंगाचा. रॉकचं मासिक म्हणजे काळं हवं, यावर सगळ्या मुलांचं एकमत होतं. काळी पानं, फोटोंना जाड काळ्या चौकटी. अण्णांनी पानं काळी केली. चौकटीला नकार दिला.

"जित्या माणसाला काळी चौकट घालायची न्हाई."

"डिझाइन हाय ते अण्णा."

"माज्या हातनं न्हाई. दुसऱ्याकडं न्या."

दुसरं कुणी नव्हतंच. शेवटी अण्णांनी स्वतःच तोड काढली. चौकट घालायची, पण तीनच बाजूंची. एक बाजू मोकळी ठेवायची. कधी डावी, कधी वरची, फोटोतला माणूस जिकडे झुकला असेल ती. "वाट ठेवायची," एवढंच ते म्हणाले. जगात नसलेल्या जुन्या परदेशी गिटारवादकांवर एक पान होतं, तिथे मात्र त्यांनी एकेकाचं नाव घेऊन विचारलं आणि चौकटी चारी बाजूंनी बंद केल्या. अंक बाहेर गेल्यावर पुण्याहून, बंगळुरूहून मेल आले. मोकळ्या बाजूची कल्पना फार आधुनिक आहे, डिझायनर कोण, असं विचारणारे. अश्विनीने ते अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारलं, "ह्ये लिवणारे आपल्याकडचे हायत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

संगीत त्यांना आवडत होतं असं म्हणता येणार नाही. प्रत्येक गाणं ते एकदा लावून ऐकत, हात मांडीवर ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत. "ह्यो कामून वरडायलाय?"

"राग आलाय त्याला."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा, अण्णा."

"मंग मथळ्याचं अक्षर तडकलेलं पायजे," असं म्हणून ते तसं अक्षर करायला घेत. ओरडणाऱ्या तरुण मुलांविषयी त्यांना नावड नव्हती. त्यांच्या घरातला एक मुलगा असंच काही वाजवत असे, हे मला नंतर कळलं.

ते कळलं प्रुफं बघताना. मासिकाच्या मधल्या पानांवर कार्यक्रमाला आलेल्या गर्दीचा मोठा फोटो असायचा. एका अंकाच्या फोटोत एका चेहऱ्यावर माझी नजर अडली. स्टेजचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर डावीकडून पडला होता. या एकाच्या डोळ्यातला ठिपका उजवीकडे होता, आणि जरा जास्तच मोठा. मी आधीचे अंक काढले. भालकीच्या गर्दीत तोच मुलगा होता, तिसऱ्या रांगेत. बिदरच्या गर्दीत खांबाजवळ होता. औरादला दोन मुलींच्या मागे. प्रत्येक अंकात तो थोडा मोठा दिसत होता. औरादच्या फोटोत त्याला मिशी होती.

दुपारी स्टुडिओत जाऊन अंक टेबलावर पसरले. अण्णांनी कुठल्याही चेहऱ्यावर बोट ठेवायला लावलं नाही.

"बालाजी हाय," ते म्हणाले. "आमचा."

बालाजी हा त्यांचा एकुलता मुलगा. कॉलेजात असताना गिटारच्या तारा आणतो म्हणून सकाळच्या गाडीने हैदराबादला गेला, तो परत आला नाही. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईक फिरले, स्टेशनांवर कागद चिकटले. काही कळलं नाही. त्याचा धड फोटो एकच, शाळेच्या ओळखपत्रावरचा. बाकी वय अण्णांनी चढवलं होतं. तेही त्यांच्या कामातलंच. सत्तरीत गेलेल्या माणसाचा फोटो विशीतला मिळतो, मग मधली सगळी वर्षं हाताने घालावी लागतात. कपाळ कुठून मागे सरतं, गाल कुठे बसतो, हे त्यांना घराण्यावरून सांगता येई.

"अण्णा, गर्दीत जो नव्हता त्याला उभा करता येत न्हाई," मी म्हणालो.

"नव्हता कशावरून?"

"तुम्ही बसवलात म्हणून."

"मी चेहरा बसवला. तो तिथं नव्हता हे तुमाला कुणी सांगितलं?" ते चिडले नव्हते. "असल्या ठिकाणीच जाणार की तो. घरी येणार न्हाई एकवेळ. इथं येणार."

डेस्कवर पाळलेला नियम मी त्यांना सांगितला: छापून आलेला फोटो म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं, त्यात भर घालता येत नाही. अश्विनीचं मत वेगळं होतं; ती म्हणाली, एका चेहऱ्याने कुणाचं काय बिघडतं. अण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं. माऊस पुसला. "बरं. न्हाई बसवत," ते म्हणाले.

त्याच सुमारास त्यांच्या घरात दुसरी गोष्ट चालली होती. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं सगळं कार्य करून टाकायची रीत आपल्याकडे आहे. बालाजीची बारा वर्षं भरत आली होती. अण्णांच्या पत्नी सुलोचनाक्का यांचे भाऊ खटकचिंचोळीचे. त्यांनी भटजींना विचारून दिवस काढून आणला. कार्याला फोटो लागणार होता. तो करायचा होता अण्णांनी, आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यात ठिपका राहणार नव्हता.

त्या रीतीला सुलोचनाक्कांचा विरोध नव्हता. त्या स्टुडिओच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसत आणि अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत. "ताटं किती घ्यायची, ते तरी एकदा कळू द्या. रोज एक घेते, रोज एक उचलून ठेवते. सगळ्या गावाचे फोटो करून दिलेत. घरचा एक होईना."

"करतो," अण्णा म्हणत.

"कधी करतो?"

"करायलोय की."

ते करत नव्हते. ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून पडद्यावर उघडून ठेवत आणि गिऱ्हाईक आलं की झाकत. दिवस जवळ आला तसं सुलोचनाक्कांनी निवडणं थांबवून नुसतं दारात बसायला सुरुवात केली.

आणि हुलसूरचा फोटो आला. तिथल्या मैदानात बँडचा कार्यक्रम झाला होता. तिथल्या एका विद्यार्थिनीने मोबाइलवर काढलेले फोटो थेट अश्विनीला पाठवले, तिने मला. पानात लावायच्या आधी मी ते मोठे करून बघितले. चौथ्या फोटोत डाव्या कडेला बालाजीचाच चेहरा होता. दाढी वाढलेली, एक हात वर केलेला, त्या हाताने अर्धा चेहरा झाकलेला. डोळे मिटलेले.

अण्णांनी शब्द मोडला म्हणावं, तर हे फोटो त्यांच्याकडे गेलेच नव्हते. मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी भिंग काढलं. पडद्याला भिंग लावून बघू नये हे त्यांनीच मुलांना शिकवलं होतं, तरी लावलं. भिंग कपाळावरून गालाकडे सरकलं, परत कपाळावर आलं. सलूनमधला रेडिओ मध्येच कुणीतरी बंद केला. भिंतीवरचे सगळे आमच्याकडे बघत होते.

"हे मी केलेलं न्हाई," अण्णा म्हणाले.

"फाइल तुमच्याकडं आलीच नव्हती."

"त्यासाठी न्हाई सांगायलो. मला मिटलेले करता येत न्हाईत. मी उघडतो." मग त्यांनी मान वर केली आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारलेला प्रश्न मला विचारला. "हाय का गेला?"

मी म्हणालो, "ऐकायलाय."

सुलोचनाक्का आत आल्या. त्यांनी अंगठ्याने पडद्यावरची दाढी झाकली, मग कपाळ झाकलं, मग फक्त कानाकडे बघितलं. "कान माज्या बापाचा हाय," त्या म्हणाल्या आणि मागे जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खटकचिंचोळीला भावाला फोन केला. "कार्य र्‍हाऊ द्या. फोटो तयार न्हाई अजून."

मी चौकशी केली. त्या मुलीने मूळ फाइल पाठवली. तिच्यात काही फेरफार नव्हता. हुलसूरला जाऊन फोटो दाखवला. एकाने सांगितलं, हा बसवकल्याणकडचा आहे. दुसरा म्हणाला, हायवेच्या ढाब्यावर बघितलाय. तिसऱ्याला तो आपल्या मेव्हण्यासारखा वाटला. ढाब्यावर कुणी ओळखलं नाही. एकाही माहितीला दुजोरा मिळाला नाही. तो फोटो आम्ही छापला, होता तसा.

त्यानंतर अण्णा बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला जाऊ लागले. स्टुडिओ दुपारीच बंद करायचे, मुलांच्या गाडीत सामानाजवळ बसायचे आणि मैदानात पोचले की स्टेजला पाठ करून उभे राहायचे, स्पीकरच्या अगदी पुढे, तोंड गर्दीकडे. गाणी सुरू झाली की ते एका टोकापासून चेहरे बघत जात. ओळीने, कुठली रांग न सोडता, जसे ते काचा पुसत. पोरं ओरडत, "अण्णा, स्टेज मागं हाय!"

"मागचे हायत, म्हायीत हाय मला," ते ओरडून उत्तर देत. "तुमी नीट उभारा."

पुढच्या रांगेतल्या मुलींनी एकदा अश्विनीकडे तक्रार केली की ते आजोबा डोळ्यांत बघतात. तिने त्यांना समजावलं. काही कार्यक्रमांनंतर उलटंच झालं. ते दिसले नाहीत तर मुलं विचारू लागली. मला वाटतं, त्यांच्यासमोर उभं राहून ओरडताना मुलांना आपण मोजले गेलो असं वाटत असावं. अण्णांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. ते म्हणाले होते, गाणं मोठं झालं की सगळे डोळे मिटतात आणि तेव्हा त्यांना भीती वाटते. "एवढे मिटलेले एकदम कधी बघितले न्हाईत. हात शिवशिवायलेत माजे."

शेवटचं त्यांना मी बघितलं ते खटकचिंचोळीला. ऊन उतरायच्या आत कार्यक्रम सुरू झाला होता. मी मैदानाच्या मागे होतो, त्यामुळे ते मला समोरून दिसत होते: पांढरा शर्ट, मागे काळे स्पीकर, वर केस उडवणारा इम्रान. त्यांची नजर माझ्या रांगेपर्यंत आली, माझ्यावरून पुढे गेली आणि उजवीकडे कुठेतरी थांबली. मी तिकडे वळून बघितलं. पुष्कळ माणसं होती. पुन्हा बघितलं तेव्हा मध्ये हात वर झाले होते आणि ते दिसेनासे झाले.

त्यानंतर काही दिवसांनी छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना बिदरला नेलं. तिथेच ते गेले.

मासिकात पान करायचं होतं आणि घरी हार घालायला फोटो हवा होता. अण्णांचा फोटो कुणाकडेच नव्हता. अश्विनीने वाचकांना विचारलं, तेव्हा खटकचिंचोळीच्या एका मुलाने त्या दिवशीचा एक पाठवला. त्याने स्टेजचा काढला होता. खाली स्पीकरजवळ अण्णा आले होते, तोंड कॅमेऱ्याकडे. डोळे मिटलेले. चेहरा शांत, हनुवटी जराशी वर. आणि त्यांच्या खांद्यावर एक हात होता. फोटोच्या उजव्या कडेने आत आलेला, कोपरापर्यंतच दिसणारा, तरुण पुरुषाचा. पुढे फोटो संपत होता. मूळ फाइल मागवली. त्या बाजूला त्याहून जास्त काही नव्हतं. बँडमधल्या सगळ्यांना विचारलं, पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारलं. तो हात आपला असल्याचं कुणी सांगितलं नाही. अण्णांच्या शेजारी कुणी उभं होतं, असंही कुणाला आठवलं नाही.

पान अण्णांच्याच कॉम्प्युटरवर करायला घेतलं. त्यांचे पाठचे भाऊ हुमनाबादहून आले होते. ते काही न सांगता स्टुलावर येऊन बसले आणि चष्मा काढून म्हणाले, "काढा माजे."

सुलोचनाक्का मागच्या दारात होत्या. त्या पुढे आल्या, पडद्यावरच्या फोटोकडे, मग त्या हाताकडे त्यांनी बघितलं. "उठा भावजी," त्या म्हणाल्या. "उघडायचे न्हाईत. ऐकायलेत ते."

भाऊ उठले. अश्विनीने हात टॉवेलला पुसले आणि चौकट ओढायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाची चौकट चारी बाजूंनी बंद करायची, हा अण्णांचाच नियम होता. तिने वरची रेघ ओढली, डावी ओढली, खालची ओढली, आणि माझ्याकडे बघितलं. मग तिने माऊसवरचा हात काढून घेतला.

उजवी बाजू मोकळी आहे. हात त्या बाजूने आलेला आहे.